बर्बनमध्ये कांदा नव्हता

माझं नाक मोठं आहे. दिसायलाही आणि कामालाही. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी ते बघून तोंड वाकडं केलं होतं, हे आमचे हे अजून चवीनं सांगतात आणि मी अजून चिडते. पण याच नाकावर मी जन्मभर नोकरी केली. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होते. मळीपासून स्पिरिट निघायचं आणि त्याचा प्रत्येक लॉट माझ्या टेबलावर यायचा. यंत्रं होती, रिपोर्ट होते, सगळं होतं. तरी शेवटी मी चार थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे आणि ओंजळीत नाक खुपसायचे. टाकी नीट धुतली नसेल, मळी जुनी असेल, तर तिथंच कळायचं. मी "परत पाठवा" म्हटलं की लॉट परत जायचा. साहेब लोक कुरकुरायचे, पण पाठवायचे.

बाईमाणूस आणि दारूच्या कारखान्यात, म्हणून भिंगारला सुरुवातीला लोक काय काय बोलले ते सोडाच. आमचे हे शाळामास्तर, चर्चच्या कमिटीवर, आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. रविवारी उपासनेला निघताना मला हळूच विचारायचे, हाताला वास तर येत नाही ना. मी म्हणायचे, येतोय, कष्टाचा येतोय, चला. आणि ताठ मानेनं पुढच्या बाकावर जाऊन बसायचे. मला माझ्या कामाची लाज कधी वाटली नाही. उलट थोडी घमेंडच होती, आता खोटं कशाला बोलू?

ती घमेंड कोरोनानं उतरवली. मी रिटायर होऊन थोडेच दिवस झाले होते. ताप आला, गेला, खोकला आला, गेला, आणि जाताना माझा वास घेऊन गेला. गॅसवर दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं, आणि मी शेजारी उभी राहून निवांत गवार मोडत होते. ह्यांनी बाहेरून ओरडत येऊन गॅस बंद केला. काही महिन्यांनी वास परत आले, पण असे आले की नसते आले तर बरं झालं असतं. चहाला सडक्या कांद्याचा वास. साबणाला सडक्या कांद्याचा वास. ह्यांच्या नुकत्या धुतलेल्या शर्टालाही तोच. डॉक्टर म्हणाले, नस भरून येतेय, वेळ लागेल, धीर धरा. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि निलगिरी हुंगायला सांगितलं. मी डिस्टिलरीची केमिस्ट, पहिलीतल्या पोरानं बाराखडी गिरवावी तशी रोज लवंग हुंगत बसायचे. खूप रडले मी त्या दिवसांत.

हळूहळू सुधारलं. चहा पुन्हा चहासारखा लागायला लागला. पण मधूनच, काही कारण नसताना, कुठून तरी तो सडका कांदा यायचा. मी ह्यांना विचारायचे, तुम्हाला येतोय का. हे नाही म्हणून मान हलवायचे आणि पेपरात डोकं घालायचे. माझ्या नाकावरचा माझाच भरवसा उडाला होता.

अशात एक फोन आला. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी होती. लॅबमध्ये शिकाऊ म्हणून आली तेव्हा पिपेटमधलं निम्मं टेबलावर सांडायची, आणि मी तिला फाडून खायचे. पण जात्याच हुशार. लग्न होऊन ती हिवरे बाजारच्या पलीकडे एका शेतकरी घरात गेली. तिथं तिनं सासऱ्यांना पटवलं, लायसन्ससाठी चपला झिजवल्या आणि घरच्या जमिनीवर छोटीशी डिस्टिलरी उभी केली. मक्याची व्हिस्की करायची, नव्या लाकडाची पिंपं आतून जाळून त्यात मुरवायची. अमेरिकेत याच रीतीच्या दारूला बर्बन म्हणतात. आपल्याला ते नाव लावता येत नाही, पण रीत तीच. पाच उन्हाळे तिची पिंपं मुरत होती. आता ती तयार झाली होती, आणि येत्या सोमवारी सगळी एका टाकीत ओतून एकत्र करायची होती.

मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई गं, नाक पूर्वीसारखं राहिलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं निम्मं नाकही आम्हाला पुरे. तुम्ही हुंगल्याशिवाय मी टाकी भरणार नाही."

पोळा होऊन गेला होता. शुक्रवारी मी गेले. तिचे सासरे फाटकातच उभे होते, उंच, काटक, पांढरी टोपी. सगळे त्यांना आबा म्हणतात. कांद्याचे मोठे बागायतदार. इतरांच्या कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर छपरीत, साठवलेला कांदा पावसाळ्यात पाणी सोडतो, आबांचा दिवाळीपर्यंत खडखडीत राहतो, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. पिंपांचं गोदाम त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं आणि ते दाखवायची त्यांना कोण हौस! पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत झरोके ठेवले होते. मी विचारलं, हे कशाला. आबा म्हणाले, जे टिकवायचं त्याला वारा पायजे, कांदा काय आन् दारू काय. झरोक्यातून पलीकडं बघितलं तर भिंतीला जवळजवळ लागूनच त्यांची कांदाचाळ. मी तेव्हा त्याचा काही विचार केला नाही.

पूर्वेकडून सुरुवात केली. एकेका पिंपातून ती नळीनं थोडंसं काढून द्यायची आणि मी हुंगायचे. पहिलं पिंप हुंगलं आणि मनात म्हटलं, वा गं पोरी! नुकती फोडलेली गुळाची ढेप, भाजलेलं कणीस, मागं थोडी दालचिनी. दुसरं तसंच. तिसरं त्याहून सरस. मी तिच्या पाठीवर थाप मारली, ती लाजली.

मग पश्चिमेच्या भिंतीची रांग आली. ग्लास नाकाजवळ नेला. सडका कांदा. तोच, अगदी तोच. मी ग्लास खाली ठेवला, बाहेर जाऊन नाक शिंकरलं, पाणी प्याले, परत आले. पुन्हा कांदा. त्या रांगेतलं दुसरं पिंप, तिसरं, सगळीकडं कांदा. मी तिला विचारलं, तुला कसला वास येतोय. तिनं डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाली, गुळाचा, दालचिनीचा. आबांनीही हुंगलं आणि फस्क्लास म्हणाले.

मी म्हटलं, मला कांदा येतोय. मग आबा हळूच म्हणाले, बाई, तुमचं दुखनं अजून गेलेलं न्हाई वाटतं. सुनेनं त्यांना माझ्या आजाराचं सांगितलेलं दिसत होतं. टोमणा मारला असता तर मी ऐकून घेतलं नसतं, दोन शब्द सुनावले असते. पण ते कळवळून बोलले, आणि तेच मला झोंबलं. कारण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पूर्वेला तो कांदा आला नव्हता, पण तो यायचाच मुळी मधूनच.

मी तिथंच एका पालथ्या बादलीवर बसले. माझं बरोबर असेल आणि ही पिंपं सोमवारी बाकीच्यांत मिसळली, तर पोरीची पाच वर्षं नासली. टाकीत ओतलेलं परत वेगळं करता येत नाही. आणि माझं चूक असेल, तर माझ्या डोक्यातल्या आजारापायी मी तिला एक अख्खी रांग बाजूला काढायला लावतेय. तसं निघालं तर यापुढं कुणाच्या ग्लासाला नाक लावायचं नाही, हे मी त्या बादलीवर बसूनच ठरवून टाकलं.

मी तिला म्हणाले, "मला असं काहीतरी दे जे या गावात बनलेलं नाही, या गोदामात ठेवलेलं नाही आणि मी कधी हुंगलेलं नाही. त्यालाही कांदा आला तर मी आजारी. नाही आला तर तुझी पिंपं आजारी."

तिनं हातातली नळी खाली ठेवली. मग घरात गेली आणि लाकडी पेटीत ठेवलेली एक बाटली घेऊन आली. अमेरिकन बर्बन, वीस वर्षांहून जास्त काळ पिंपात मुरलेलं. तिकडं मशिनरी बघायला गेली होती तेव्हा आणलं होतं. इतकी जुनी बाटली तिकडंही सहजासहजी मिळत नाही म्हणे. आपली पहिली बाटली भरली जाईल त्या दिवशी ही फोडायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, आगं, ह्या एका बाटलीत दुभती म्हैस आली असती. मीही म्हटलं, राहू दे, दुसरं काही बघू. पण तोवर तिनं सुरीनं बुचावरची लाख कापली होती.

रस्त्याच्या बाजूला, चाळीपासून लांब, तिचं ऑफिस होतं. तिथं खिडक्या लावून मला बसवलं. तिनं आतल्या खोलीत तीन ग्लास भरले. एकात बर्बन, एकात पूर्वेचं पिंप, एकात पश्चिमेचं. कशात काय ते तिनं ग्लासांच्या बुडाला लिहिलं आणि तिन्ही माझ्यासमोर ठेवले. मी साबणाशिवाय हात धुतले, कोरडे केले. प्रार्थना करावी म्हटलं, पण एक ओळ आठवेल तर शपथ! लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

पहिला ग्लास उचलला. कांदा. चांगला ठसठशीत कांदा. दुसरा उचलला. गूळ, कणीस, दालचिनी, कांद्याचा मागमूस नाही. तिसरा उचलायला माझा हात होईना. आबा समोर खुर्चीवर बसून टोपीची घडी करत होते, उलगडत होते. मी डोळे मिटले आणि नाक आत घातलं.

आधी नुसती झळ आली, जुन्या कडक दारूची. ती विरली आणि मग एकेक येऊ लागलं. खारीक. काळा गूळ. तंबाखूची वाळलेली पानं. नव्या चपलेचं कातडं. संत्र्याची सुकलेली साल. आणि सगळ्यांच्या मागं जुनं लाकूड. मी कांदा शोधत होते. तांदळातला खडा शोधावा तसा कोपरा न् कोपरा धुंडाळला. दोन थेंब पाणी घातलं, वर तळहात ठेवला, थांबले, पुन्हा हुंगलं. थोडं ओंजळीत ओतून हात चोळले आणि लॅबमध्ये करायचे तसं नाक खुपसलं. खारीक होती, संत्रं होतं, तंबाखू होती. कांदा नव्हता!

मी ओळीनं तिन्ही सांगितले. तिनं ग्लास उलटे करून बघितले. तिन्ही बरोबर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या तर कधीचंच आलं होतं. नाक गळायला लागलं तेव्हा मीच स्वतःला दटावलं, की आता तरी नीट वाग.

आबांना मात्र त्या म्हशीची चुटपुट लागलेली. त्यांनी विचारलं, मग बाई, ह्येची किंमत वाजवी हाय का? मग मी चव घेतली. नोकरीत चव घेऊन थुंकायची शिस्त, पण तो घोट मी गिळला. पहिल्यांदा गोड, मग खारकेसारखं दाट, आणि शेवटी जीभ कोरडी करणारा कडवटपणा, अक्रोडाच्या सालीचा. आबांना सांगितलं, ही दारू पिंपात दोन-चार वर्षं जास्त राहिलीय. लाकडानं मक्याला दाबून टाकलंय. जी किंमत दिलीय तिच्यातली निम्मी वयाची आणि मिरवायची आहे. नुसत्या चवीला मी तेवढी देणार नाही. पण एक आहे. इतकी वर्षं त्या पिंपाजवळ कुणी घाण फिरकू दिलेली नाही. एवढी निर्मळ दारू मी उभ्या नोकरीत हुंगली नाही. त्या निर्मळपणाचे म्हणाल तर पैसे वसूल आहेत. आणि मनात म्हटलं, आज मला या बाटलीनं जे परत दिलं त्याचं मोल कुठल्याच दुकानात होणार नाही.

तरी आबा हटेनात. त्यांचं म्हणणं एकच, मग आमाला का येत न्हाई? मी म्हटलं, आबा, तुम्ही जन्मभर कांद्यात. सूनबाईही पाच वर्षं त्याच हवेत. तुमच्या नाकांना तो वास राहिलेलाच नाही. लाकडाचं पिंप बाहेरची हवा आत घेतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा चाळीवरनं येतो आणि तुमच्या झरोक्यांतनं सरळ पिंपांवर जातो. हे ऐकून आबांचा तिळपापड झाला. माझ्या चाळीत कांदा सडत न्हाई, म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर निघून गेले.

पण मी आता ऐकणार होते थोडीच! अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. मी शनिवारी दोघांना भिंगारला बोलावलं. पूर्वेचं आणि पश्चिमेचं, दोन्ही नमुने घेऊन या, मुक्कामाला या, म्हटलं. आबा कुरकुरत आले. दारात पाऊल टाकलं तेव्हा मी त्यांना पुन्हा हुंगायला दिलं. काही नाही. मी म्हटलं, ठीक आहे, एक रात्र त्या हवेबाहेर काढा, उद्या बघू. संध्याकाळी स्वयंपाकात कांदा घातला नाही, लसूण घातला नाही. आबा दोन घास खाऊन सुनेला म्हणाले, बाईंचा हात जरा आळणीच हाय. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आमचे हे गालातल्या गालात हसत होते.

रविवारी सकाळी चहाच्या आधी मी दोन ग्लासांत नमुने काढले, थोडं गरम पाणी घातलं, वर बशा ठेवल्या. आधी सुनेला दिलं. पूर्वेचं हुंगलं, हसली. पश्चिमेचं हुंगलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं ग्लास आबांच्या हातात दिला. आबांनी बशी काढून नाक लावलं. झटकन मागं घेतलं. पुन्हा लावलं. मग ग्लास गुडघ्यावर टेकवला.

"बाई," ते म्हणाले, "ह्यो तर माझ्या चाळीचा वास हाय."

मी जिंकले होते, पण त्यांच्याकडं बघून लगेच हसू आलं नाही. ज्या चाळीचा त्यांना अभिमान, तिचा वास त्यांना म्हातारपणी पहिल्यांदा आला होता, तोही सुनेच्या कष्टाच्या ग्लासात. आमच्या ह्यांनीही उपासनेला जाता जाता तो ग्लास हुंगला, नाक मुरडलं आणि मला बजावलं, की कमिटीत कुणी विचारलंच तर मी फक्त नाक लावलं होतं. मग मात्र मला हसू आवरेना आणि आबाही हसले.

त्याच दुपारी आम्ही परत गोदामात. मी एकेक पिंप हुंगत गेले आणि ती खडूनं खुणा करत गेली. पश्चिमेची रांग बाजूला निघाली. तिच्यातली दारू पुन्हा भट्टीवर चढवायची ठरली, म्हणजे नव्यानं पाच उन्हाळे. सोमवारी बाकीची सगळी टाकीत ओतली. भरलेल्या टाकीचा नमुना तिनं माझ्या तळहातावर ओतला. मी चोळला, हुंगला. गूळ, कणीस, दालचिनी. मी तिला जवळ घेतलं. लॅबमध्ये जिला मी कधी धड बरं म्हटलं नाही, तिला म्हटलं, लई भारी केलंस गं पोरी.

आठवड्यानं आबांचाच फोन आला. झरोके बुजवले, चाळ मोडली, म्हणाले. नवी चाळ घालायची, पण जमीन सगळी गोदामाच्या पश्चिमेलाच, पूर्वेला रस्ता. पावसाळी वारा फिरायच्या आत जागा ठरवायची हाय, तवा या, नाक घेऊन या.

मी गेले. आबांनी एक गोणी सडका कांदा मुद्दाम जमवून ठेवला होता. मला गोदामाच्या पश्चिमेच्या भिंतीशी, वाऱ्याला तोंड करून उभं केलं. गोणी गड्याच्या डोक्यावर दिली आणि मला फोन लावून, मोबाईल कानाशी धरून स्वतः त्याच्या पुढं शेतात चालू लागले. विहिरीजवळ थांबले. विचारलं, येतोय का? मी म्हटलं, येतोय. पुढं निघाले. बाभळीपाशी थांबले. येतोय का? येतोय. गोदामाशी उभी असलेली चार-सहा माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सून माझ्या कानाशी म्हणाली, मॅडम, मला तर केव्हाचाच येत नाही. एक जण म्हणाला, बाभळीची जागा काय वाईट आहे, रस्ताही जवळ. हे फोनमधून आबांना ऐकू गेलं असणार. ते बाभळ सोडून पुढं निघालेच होते.

काळी जमीन संपली. पलीकडं माळ, दगडगोटे, जिथं चाळ घालायची तर ट्रॅक्टरसाठी आधी वाट करावी लागणार. आबांची फक्त टोपी दिसत होती. फोनमध्ये त्यांना धाप लागलेली ऐकू येत होती.

"आता?"

मी डोळे मिटले. वारा आला. ओली माती होती, शेण होतं, लांब कुठंतरी ट्रॅक्टरचं डिझेल होतं. मी सगळं नीट तपासलं.

"आता नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दुसऱ्या कुणालाच विचारलं नाही. गोणी खाली उतरवायला लावली आणि तिथंच पहारीनं भोक पाडून खुंटी ठोकायला घेतली.